उझी माशी, रेशमाची अळी आणि गळ्यातील माळ

रेशीमशेती करणाऱ्या माळकऱ्याला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. "गळ्यात माळ आहे, एकादशी चुकत नाही, मग हे किडे पाळून शेवटी मारायलाच विकता कसे?" विचारणारा टोचून विचारतो असे नाही. पुष्कळदा त्याला खरोखरच समजून घ्यायचे असते. आमच्या घरात तर हा प्रश्न गेली सहा वर्षे तुतीच्या पाल्याबरोबर रोज शेडात येतो. आज त्याविषयी लिहितो आहे ते एका माशीच्या निमित्ताने. तिच्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी नुसता वादाचा राहिला नाही.

आम्ही बीड जिल्ह्यातले, पैठणच्या नाथमहाराजांच्या पालखीबरोबर चालणारे. पूर्वी आमच्याकडे कापूस आणि तूर. पावसाने लागोपाठ ओढ दिली तेव्हा थोरल्या मुलाने विहिरीच्या पाण्यावर दीड एकर तुती लावली, कर्ज काढून शेड उभारले आणि रेशमाच्या अळ्या आणल्या. महिनाभरात कोष तयार होतात, ते जालन्याच्या बाजारात नेले की हातात पैसा येतो. कापसासारखी वर्षभर वाट पाहावी लागत नाही. या पैशाने घर सावरले, नातीची शाळा सुरू राहिली. हे आधी सांगितले पाहिजे, कारण पोट भरलेल्या माणसाचा धर्मविचार आणि हप्ता डोक्यावर असलेल्याचा धर्मविचार यांत फरक पडतो.

रेशमाची अळी जवळून पाहावी अशी आहे. अंड्यातून निघाल्यापासून कोष करीपर्यंत ती चार वेळा कात टाकते. चॉकी केंद्रातून आमच्याकडे येते तेव्हा दोन काती टाकून झालेल्या असतात. कात टाकायची वेळ आली की ती खाणे सोडते, डोके वर उचलते आणि दिवसभर हलत नाही. त्या वेळी शेडात पाला टाकायचा नसतो, चुन्याची पूड धुरळायची असते. आमची नात याला अळ्यांची एकादशी म्हणते. उपवास संपला की जुनी कातडी मागे सोडून अळी पुढे सरकते आणि दुप्पट भुकेने पाल्यावर तुटून पडते. चौथ्या कातीनंतर आठवडाभर तर ती खातच सुटते. हजारो अळ्या एकदम पाला खात असल्या की शेडाच्या पत्र्यावर बारीक पाऊस पडतो आहे असे वाटते. मग एके दिवशी खाणे थांबते, अंग पिवळसर, पारदर्शक दिसू लागते. तिला चंद्रिकेवर सोडले की ती डोके इकडून तिकडे फिरवत स्वतःभोवती धागा गुंडाळू लागते. दोन-तीन दिवसांत कोष पुरा होतो. चांगल्या कोषातला हा अखंड धागा हजार मीटरच्या आसपास भरतो.

या अळीच्या मागे उझी माशी असते. बंगालच्या रेशीम पट्ट्यात ती जुनीच; कर्नाटकात ती १९८० मध्ये पोचली, तीही बियाण्यासाठी नेलेल्या कोषांबरोबर. घरमाशीपेक्षा थोडी मोठी, काळसर करडी, पाठीवर चार काळ्या उभ्या रेघा. पावसाळ्यात तिचा जोर असतो. ती अळीला चावत नाही, डंख मारत नाही. क्षणभर तिच्या अंगावर टेकते, मलईच्या रंगाचे एक बारीक अंडे चिकटवते आणि उडून जाते. अळी पुढचे पान खाऊ लागते. काही घडले आहे असे पाहणाऱ्याला वाटतही नाही.

दोन-तीन दिवसांत अंडे फुटते. आतून निघणाऱ्या किड्याला मी येथे माशीचे पिल्लू म्हणतो, म्हणजे रेशमाच्या अळीशी घोटाळा होणार नाही. हे पिल्लू अंड्याखालीच अळीच्या कातडीला भोक पाडते आणि आत शिरते. आत गेले तरी त्याला हवा लागतेच. त्याची श्वासाची छिद्रे शेपटीकडे असतात. म्हणून ते शेपटीचे टोक भोकापाशी ठेवते, तोंड आत ठेवते, आणि अळीने पुढच्या जन्मासाठी साठवलेली चरबी खाऊ लागते.

अळीचे शरीर गप्प बसत नाही. परका जीव आत आला हे तिच्या रक्ताला कळते. रक्तातल्या पेशी धावत येतात आणि त्या परक्याभोवती भिंत घालू लागतात. दुसरा एखादा बारीक शत्रू असता तर अशा भिंतीत कोंडून मेला असता. हे पिल्लू मात्र त्याच भिंतीचा आसरा घेते. भिंत त्याच्याभोवती नरसाळ्यासारखी वाढते, तिचे तोंड बाहेरच्या भोकाशी जोडलेले राहते, आणि त्या वाटेने पिल्लाला श्वास मिळतो. ज्याला अडवायचे त्यालाच अळी आपल्या अंगाने खिडकी करून देते. बाहेरून आपल्याला दिसतो तो कातडीवरचा एक काळा डाग. रेशीम करणारा शेतकरी सकाळी पाला टाकताना आधी हे डाग शोधतो.

आठवडाभरात पिल्लू वाढते आणि अळीतून बाहेर पडते. जमिनीच्या भेगेत, कोपऱ्यातल्या मातीत शिरून तांबूस तपकिरी कोशित होते. दहा-बारा दिवसांनी त्यातून नवी माशी निघते. अळीला लहानपणी गाठले तर ती कोष करण्याआधीच मरते. उशिरा गाठले तर ती कोष पुरा करते, पण पिल्लू तो कोष भोकसून बाहेर येते. भोक पडलेल्या कोषाचा धागा जागोजागी तुटतो, त्याला बाजारात चांगल्या कोषाचा भाव नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या आषाढात मी वारीत होतो आणि घरी दीडशे अंडीपुंजांची बॅच होती. परत आलो तेव्हा शंभर किलोच्या पुढे निघायला हवे होते तेथे साठ किलोही कोष निघाले नव्हते. आजूबाजूच्या शेडांतही तीच गत. मुलगा हातात फडके घेऊन माशा मारत होता, एकेका फटक्यात राग होता. सूनबाई भोक पडलेले कोष टोपलीत वेगळे काढत होती. तिच्याजवळ बसलेल्या नातीने मला विचारले, "आबा, ही माशी पापी आहे का?"

मी प्रवचनाला बसतो. पापपुण्यावर तासभर बोलायला सांगितले तर बोलेन. पण त्या मुलीला काय सांगायचे ते पटकन सुचले नाही. मी म्हणालो, "बाळ, विचार करून सांगतो." पुढे कितीतरी दिवस तोच विचार करत राहिलो.

हा प्रश्न तिच्या आधी फार मोठ्या माणसांना पडला आहे. चार्ल्स डार्विन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६० मध्ये आसा ग्रे या आपल्या अमेरिकन मित्राला पत्र लिहिले. गांधीलमाशीच्या गोत्रातले काही कीटक उझीसारखेच जिवंत अळीच्या आत आपली पिल्ले वाढवतात. त्यांचा दाखला देऊन त्याने कळवले की दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने हे मुद्दाम घडवले असेल, हे आपल्या मनाला पटत नाही. पुष्कळ लोक हे नास्तिकाचे बोलणे म्हणून बाजूला सारतात. मला त्यात एका हळव्या माणसाचे दुःख दिसते. दुसऱ्या जिवाच्या वेदनेने ज्याची झोप उडते, त्याला आपल्या परंपरेने कधी परके मानलेले नाही.

माशीकडे मी मग जरा निवांत पाहू लागलो. मोठी झालेली उझी माशी अळीला खात नाही. अशा माशा फुलांचा रस, गोडवा यांवर जगतात. तिला आपली पिल्ले कधी दिसत नाहीत. ती अंडे चिकटवते आणि निघून जाते. दुसरे काही खाऊन तिच्या पिल्लाला वाढता येत नाही. तिने अळी सोडून द्यावी असे म्हणणे म्हणजे तिच्या कुळाने संपून जावे असे म्हणणे. ज्याला दुसरी वाटच नाही त्याच्यावर पापाचा बोल कसा ठेवणार?

आणखी एक गोष्ट लक्षात आली. याच कुळातल्या दुसऱ्या माशा हरभऱ्यावरच्या घाटेअळीत अंडी घालतात, उसाच्या खोडकिड्याला गाठतात. तेथे आपण त्यांना मित्रकीटक म्हणतो आणि त्यांच्यावर फवारा पडू नये म्हणून जपतो. शेडातली माशी वैरी, हरभऱ्यातली मित्र. कुळ तेच, वागणेही तेच. नाव बदलते ते आपल्या खिशाप्रमाणे. उझीला आवरण्यासाठी शेडात एका अगदी बारीक कीटकाच्या पिशव्या टांगतात. तो उझीच्या कोशिताला भोक पाडून त्यात अंडी घालतो, आणि माशीच्या जागी त्याची पिल्ले बाहेर पडतात. तुतीला अळी खाते, अळीला माशी खाते, माशीला हा कीटक खातो. या उतरंडीत वरच्या पायरीवर हिशेबाची वही घेऊन आपण बसलेलो असतो.

कारण त्या साठ किलो कोषांचे तरी पुढे काय झाले? बाजारात कोष विकले की ते गरम हवेने वाळवतात किंवा उकळत्या पाण्यात टाकून धागा काढतात. आतला जीव मरतो. माशीने मारलेल्या अळ्यांसाठी आम्ही घरभर हळहळलो. त्या वाचल्या असत्या तर जालन्याच्या वाटेलाच लागल्या असत्या. मग ही हळहळ जिवाची की पैशाची? सूनबाईनेच हे एकदा कोष निवडता निवडता बोलून दाखवले, आणि आमच्यापैकी कोणी त्यावर बोलले नाही.

आपल्या संतांनी किड्यामुंग्यांकडे फार बारकाईने पाहिले आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले, त्यावर नाथमहाराजांनी मराठीत विस्ताराने लिहिले. त्या चोवीस गुरूंत मधमाशी आहे, दिव्यावर झेपावणारा पतंग आहे, जाळे विणणारा कोळी आहे, आणि शेवटी कुंभारीण माशी आहे. मातीचे घर करून ती त्यात अळी कोंडते, अळी भयाने तिचेच ध्यान करते आणि ध्यान करता करता तीच होऊन बाहेर पडते, असा तो दृष्टान्त. देवाचे चिंतन करणारा देवरूप होतो, हे त्यातून शिकायचे.

आज शास्त्र सांगते की कुंभारीण अळीला डंख मारून बधिर करते, त्या घरात आपले अंडे घालते, आणि तिचे पिल्लू ती अळी खाऊन मोठे होते. आत गेली ती अळी, बाहेर आली ती कुंभारीण, एवढे पूर्वीच्या माणसांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि ते खोटे नव्हते. बंद मातीच्या आत काय घडते ते दिसत नव्हते. म्हणून दृष्टान्त टाकून द्यायचा का? मला तसे वाटत नाही. दृष्टान्त एकदेशी असतो, हे आपल्याकडे कीर्तनाच्या पहिल्या पाठात शिकवतात. मुख चंद्रासारखे म्हटले की चंद्रावरचा डाग मुखावर शोधायचा नसतो. कुंभारणीच्या दृष्टान्तातले सत्य ध्यासाचे आहे, ते मातीच्या घरावर अवलंबून नाही. मी प्रवचनात तो सांगतो तेव्हा मातीच्या घरात खरे काय घडते तेही सांगतो. पोरे शाळेत ते शिकून आलेली असतात. त्यांच्यापासून खरे लपवले तर ती उद्या ध्यासाचेही खोटे मानतील.

कोशकिड्याचा दृष्टान्तही असाच. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माऊलींनी तो दिला आहे. कोशकिडा स्वतःच्याच धाग्याने स्वतःला कोंडून घेतो, तसा जीव मी-माझे म्हणत अडकतो. शेडात बसून मी त्याच किड्याकडे आणखी एका बाजूने पाहतो. अळी कोष करते ती मरण्यासाठी नव्हे. तिला आत बसून पतंग व्हायचे असते, आणि वेळ आली की कोषाचे टोक मऊ करून ती वाट काढते. तिच्या कोषात बाहेरून येऊन बसतात ते दोघे, एक माशी आणि एक माणूस. माऊलींच्या बोलण्याला यातून कोठे बाध येत नाही. आपल्याला मात्र विचारावेसे वाटते की या जगात आपण नुसते कोंडले गेलेले आहोत, की कोणाच्या तरी कोषाला भोकही पाडत आहोत?

गेल्या वर्षीच्या वारीत एका मुक्कामी हरिपाठ झाल्यावर मी हे सगळे दिंडीतल्या वयोवृद्ध अण्णांपुढे मांडले. अण्णांचे उभे आयुष्य शेतात गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "नांगर धरला तेव्हा ढेकळाखाली काय काय मेलं ते मी मोजलं नाही. चुलीत लाकूड घातलं तेव्हाही नाही. जगायचं म्हटलं की हात भरतातच. माळ घातली ती आपण निर्मळ झालो म्हणून नाही रे बाबा. हात भरलेत याची आठवण राहावी म्हणून घातली."

मी म्हणालो, "म्हणजे रेशीम करायला हरकत नाही?"

"तसं कुठं म्हणालो मी?" अण्णा हसले. "नांगराचं नाव सांगून तुझ्या शेडाला माफी मागू नको. नांगराशिवाय भाकरी नाही. रेशमाशिवाय भाकरी आहे का, ते तूच बघ. सगळं सुटत नसेल तर जेवढं सुटतं तेवढं सोड. अन् जे सोडशील त्याची किंमत तुला मोजावी लागली पाहिजे. फुकट सोडलेलं काय सोडलेलं!"

पुढचे दोन मुक्काम मला हे शब्द सोडत नव्हते. देवाच्या अंगावरचा पीतांबर रेशमी, पूजेचे सोवळे रेशमी, लग्नातला शालू रेशमी. रेशीम पवित्र, असेच आपण लहानपणापासून ऐकतो. हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी पतंग कोषातून बाहेर पडल्यावर मागे राहिलेल्या टरफलापासून सूत कातून कापड काढले, त्याला अहिंसा रेशीम म्हणतात. तेथेही कोषाला भोक पडलेले असते, धागा तुटलेला असतो आणि तो जोडून कातावा लागतो. माशीच्या पिल्लाने पाडलेले भोक आणि पतंगाने पाडलेले भोक यांत बाजाराला फारसा फरक दिसत नाही. अखंड धागा दोन्हीकडे मिळत नाही. पण एका भोकातून वैरी निघालेला असतो आणि दुसऱ्यातून घरचा धनी. असे कापड महाग पडते, आणि आमच्यासारख्या लहान शेतकऱ्याला पतंग निघून गेलेल्या कोषांना गिऱ्हाईक मिळत नाही. ती वाट आज आमच्या आवाक्यात नाही. उद्या असावी असे वाटते.

घरी आल्यावर मी मुलाजवळ विषय काढला. म्हणालो, "आषाढात शेड बंद ठेवू." तो म्हणाला, "आबा, हप्ता आषाढ बघत नाही." त्याचे खरे होते. एका बॅचचे पैसे म्हणजे आमच्या घराला लहान रक्कम नाही. दोन रात्री आम्ही वहीवर आकडे मांडत बसलो. मग तो स्वतःच म्हणाला की रेशीम खात्याचे साहेबही शिबिरात हेच सांगतात. दोन बॅचमध्ये शेड मोकळे राहिले, आणि शेजारच्यांनीही त्याच वेळी बंद ठेवले, तर भेगांतून निघालेल्या माशीला अळीच मिळत नाही आणि तिची साखळी तुटते. फक्त एकट्याने करून भागत नाही. त्याने गावातल्या आणखी चार शेडवाल्यांना गाठले. दोघे लगेच तयार झाले, एकाला महिनाभर समजवावे लागले, एक तयार झाला नाही.

यंदाच्या आषाढात आमचे शेड रिकामे होते. मुलाने दारे-खिडक्यांची नायलॉनची जाळी नवी बसवली, आत येण्याच्या वाटेला दुहेरी दार केले, जमिनीच्या भेगा सिमेंटने बुजवल्या, ब्लिचिंगच्या पाण्याने शेड धुतले. माशी मारण्याआधी माशी आत येऊ द्यायची नाही, असे ठरवले आहे. एका बॅचचे उत्पन्न बुडाले, ते कोठूनही भरून आले नाही. सूनबाईने दिवाळीची खरेदी कमी केली. श्रावणातल्या बॅचला काळे डाग पूर्वीपेक्षा कमी दिसले. पाऊस उशिरा आला म्हणून तसे झाले की शेड रिकामे ठेवल्याने, हे एका वर्षावरून ठरवायचे नसते. पण वर्षातली एक बॅच आम्ही केली नाही, तेवढे हजारो जीव आमच्या हातून बाजारात गेले नाहीत. ही बढाई नव्हे. बाकीच्या बॅच आम्ही करतोच.

नातीला द्यायचे उत्तर राहिले होते. ते मी तिला शेड धुताना दिले. "माशी पापी नाही. तिला ठरवता येत नाही. पापपुण्याचा हिशेब ज्याला ठरवता येतं त्याचा." तिने विचारले, "मग आपलं?" मी म्हणालो, "आपलं चालू आहे." तिला ते पुरले की नाही कळले नाही. ती बादली घेऊन पाणी आणायला गेली.

वाचक माऊलींनो, या माशीने मला आणखी एक गोष्ट शिकवली, ती सांगून थांबतो. अंडे अळीच्या अंगावर चिकटले आणि ते फुटण्याआधी अळीने कात टाकली, तर अंडे कातीबरोबर गळून पडते आणि अळी वाचते. चौथी कात टाकून झाली की कोष करीपर्यंत ती कात टाकत नाही, आणि त्याच दिवसांत ती सर्वांत जास्त खात असते, सर्वांत धष्टपुष्ट असते. माशीला तिला गाठायला याच दिवसांत सर्वांत सोपे जाते. काम, क्रोध, लोभ आपल्यावर असेच येऊन बसतात, फार हलके, चावा न घेता. कातडीवर आहेत तोवर ते गळून पडू शकतात. आत शिरल्यावर मात्र आपलेच मन त्यांच्याभोवती कारणांची भिंत बांधते, आणि त्या भिंतीतूनच त्यांना श्वास मिळत राहतो. "सगळेच असे करतात", "पोट आहे ना", "नांगरानेही जीव मरतात". ही सारी वाक्ये खरी आहेत, आणि म्हणूनच ती भिंतीला पक्की बसतात.

अळीला आयुष्यात चारच काती. आपल्याला पंधरवड्याला एकादशी आहे, रोजचा हरिपाठ आहे, वर्षाची वारी आहे. खाणे थांबवून, डोके वर करून, दिवसभर स्थिर राहून आपल्या अंगावर काय चिकटले आहे ते पाहायची सवड संतांनी आपल्याला इतक्या वेळा ठेवून दिली आहे. रेशीम करणारे माळकरी आपल्यात आता पुष्कळ आहेत. कोणी यापेक्षा जास्त काही सोडू शकला असेल, पतंग बाहेर पडू देऊन कोष विकायची वाट कोणाला सापडली असेल, तर त्याने जरूर लिहावे. आमच्या शेडाचे दार त्यासाठी उघडे आहे, जाळी तेवढी लावलेली असेल.

रामकृष्णहरी.